जुना संगणक बंद पडला तर : भंगारात देण्यापूर्वी काय तपासावे?

नांदेड-लातूरकडील अनेक घरांत व लहान दुकानांत आजही दहा-बारा वर्षांपूर्वीचा संगणक टेबलावर असतो. त्यावर दुकानाची उधारी लिहिली जाते, मुलांचे शिष्यवृत्तीचे व प्रवेशाचे अर्ज भरले जातात, लग्नकार्याचे फोटो साठवलेले असतात. असा संगणक एके दिवशी चालू होईनासा झाला की घरात दोन मते निघतात. एक म्हणतो, हे खटारे भंगारात द्या. दुसरा म्हणतो, मेकॅनिककडे टाका आणि तो सांगेल तेवढे पैसे द्या. दोन्ही मते घाईची आहेत. बहुधा एखादा स्वस्तातला भाग निकामी होतो आणि तो बाकी सगळ्या यंत्राला अडवून धरतो. म्हणून तपासणी स्वस्त भागापासून सुरू करावी व महाग भागाकडे जावे. हा एक नियम पाळला तरी पुष्कळ खर्च वाचतो.

आधी हिशेब वाचवा

संगणकाचा प्रत्येक भाग बाजारात पुन्हा मिळतो; हार्ड डिस्कवरील हिशेब व फोटो मात्र मिळत नाहीत. तेव्हा संगणक अडखळत का होईना चालत असेल, तर दुरुस्तीपूर्वी महत्त्वाच्या फायली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. डिस्कमधून टक्-टक् असा आवाज येणे, साधी फाइल उघडायला कित्येक मिनिटे लागणे, सुरू होताना दरवेळी डिस्क तपासणीचा पडदा येणे, ही डिस्क जाण्याची लक्षणे आहेत. अशा डिस्कवर नवी विंडोज टाकू नये व ती फॉरमॅटही करू नये. संगणक मुळीच चालू होत नसला तरी डिस्क चांगली असू शकते. ती काढून यूएसबी अडॅप्टरने दुसऱ्या संगणकाला जोडली की माहिती बहुधा जशीच्या तशी मिळते.

दोष यंत्राबाहेरही असतो

बटण दाबूनही दिवा लागत नाही की पंखा फिरत नाही, अशा वेळी प्रथम सॉकेटमध्ये दुसरे उपकरण लावून पाहावे. मग केबल बदलावी. त्यानंतर यूपीएस बाजूला काढून संगणक थेट सॉकेटला लावावा. घरगुती यूपीएसमधील १२ व्होल्टची बंद बॅटरी साधारण दोन-तीन वर्षे टिकते; उष्णतेने तिचे आयुष्य आणखी घटते. मराठवाड्यात उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या वर जातो, हे येथे ध्यानात ठेवावे. वीज जाताच संगणक तत्काळ बंद पडत असेल, तर संशय आधी यूपीएसच्या बॅटरीवर घ्यावा.

संगणकाच्या पत्र्याला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर घराच्या अर्थिंगमध्ये दोष असण्याचा संभव मोठा. पॉवर सप्लायमधील गाळणी थोडा प्रवाह अर्थकडे सोडते. अर्थ तुटलेली असेल तर तो पत्र्यावरच राहतो. आपल्याकडील काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व कोरडी पडते, त्यामुळे खड्ड्यातील अर्थिंगचा जमिनीशी संबंध कमजोर होतो. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा वर्षी अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी ओतण्याचे कोणाच्या मनात येणार? तरी वापरलेले पाणी का होईना, त्यात अधूनमधून ओतले पाहिजे. वायरमनकडून फेज व अर्थ यांमधील दाब मोजून घ्यावा. तो फेज व न्यूट्रलमधील दाबाच्या, म्हणजे सुमारे २३० व्होल्टच्या, जवळपास असावा.

एवढे करूनही संगणक निपचित असेल तर पॉवर सप्लाय, म्हणजे एसएमपीएस, बदलून पाहावा. त्यातून ३.३, ५ व १२ व्होल्टचे पुरवठे निघतात. एकही ढासळला तरी मदरबोर्ड काम करीत नाही. दुकानदाराकडे चालू स्थितीतील एसएमपीएस असतो. तो जोडून पाहण्याचे काम काही मिनिटांचे आहे. एसएमपीएसचा डबा मात्र घरी उघडू नये. प्लग काढल्यावरही आतील मोठ्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टहून अधिक दाब काही काळ राहू शकतो.

पंखा फिरतो, पण पडदा काळा

मॉनिटरची केबल व मॉनिटर दुसऱ्या ठिकाणी तपासावा. ते ठीक असतील तर रॅमकडे वळावे. प्लग काढून, हात पत्र्याला लावून अंगातील स्थिर वीज उतरवावी. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडा पांढऱ्या खोडरबराने हलक्या हाताने पुसाव्यात, रबराचा चुरा झटकावा व पट्टी खटका लागेपर्यंत नीट बसवावी. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून पाहावी. सुरू होताना बीप असा आवाज वारंवार येत असेल तर तो किती वेळा व कसा येतो हे लिहून ठेवावे. त्याचा अर्थ कंपनीनुसार बदलतो; मदरबोर्डच्या पुस्तिकेत तो दिलेला असतो.

घड्याळ मागे जाते

संगणक दरवेळी जुनी तारीख दाखवतो व बँकेचे किंवा अर्जाचे संकेतस्थळ सुरक्षेची सूचना देऊन उघडत नाही, ही तक्रार जुन्या यंत्रांत नेहमीची. लोक इंटरनेटला दोष देतात. खरा दोष मदरबोर्डवरील ३ व्होल्टच्या नाण्यासारख्या सेलचा असतो. सीआर २०३२ नावाचा हा सेल शंभर रुपयांच्या आत मिळतो. तारीख चुकली की संकेतस्थळाचे सुरक्षा प्रमाणपत्र संगणकाला मुदतबाह्य किंवा अजून सुरू न झालेले वाटते. अर्जाच्या शेवटच्या दिवशी हा सेल दगा देऊ शकतो. म्हणून तो आधीच बदललेला बरा.

दहा मिनिटांत आपोआप बंद

हे बहुतेक वेळा उष्णतेचे लक्षण होय. प्रोसेसर फार तापला की यंत्र स्वतःच्या रक्षणासाठी बंद होते. डाळ मिलचा भुसा, कापसाचे तंतू व रस्त्याची धूळ पंख्यात आणि त्याखालील जाळीत बसते. मऊ ब्रशने व ब्लोअरने ती काढावी. हवा मारताना पंखा बोटाने धरून ठेवावा. प्रोसेसरवरील उष्णतावाहक पेस्ट वाळलेली असेल तर नवी लावावी. त्याच वेळी मदरबोर्डवरील कपॅसिटर पाहावेत. ज्याचे डोके फुगले आहे किंवा ज्यातून द्रव झिरपला आहे तो गेलेला समजावा. कुशल कारागीर तेवढाच भाग बदलू शकतो.

मंद चालणे हा नेहमीच बिघाड नव्हे

साधी डिस्क काढून एसएसडी बसविल्यास जुना संगणकही वेगाने चालू लागतो. परंतु विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. अशा यंत्रावर मोफत मिळणारी लिनक्स प्रणाली टाकता येते. बँकेचे व्यवहार मात्र सुरक्षा-दुरुस्त्या न मिळणाऱ्या प्रणालीवर करू नयेत. मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच गेला असेल व दुरुस्तीचा खर्च चांगल्या वापरलेल्या संगणकाच्या निम्म्यावर जात असेल, तर दुरुस्तीचा हट्ट सोडावा. यंत्र विकण्यापूर्वी डिस्क काढून ठेवावी.

ग्राहक व कारागीर

दुरुस्तीला देताना संगणकात कोणते भाग आहेत व डिस्क किती क्षमतेची आहे हे पावतीवर लिहून घ्यावे. बदललेला जुना भाग परत मागावा. 'मदरबोर्ड गेला' असे कोणी सांगितले तर पॉवर सप्लाय व रॅम बदलून पाहिली काय, हे अवश्य विचारावे.

आपल्या समाजातील अनेक तरुण या व्यवसायात आहेत. त्यांच्यापुरते दोन शब्द. मालातील दोष लपवू नये आणि माप-तोलात कमी करू नये, ही शिकवण आपण दुकानदाराला सांगतो. चाळीस रुपयांच्या सेलवर भागणारे काम मदरबोर्डचे म्हणून सांगणे, हेही मापात कमी करणेच होय. ग्राहकाच्या डिस्कवरील फोटो व हिशेब ही त्याची अमानत आहे. ती उघडून पाहू नये व परवानगीशिवाय पुसू नये. ज्या कारागिराने खरा दोष दाखवून थोडक्यात काम केले, त्याच्याकडे सारा मोहल्ला येतो. हलाल कमाईला अशी बरकत असते.