अल्जीरियाची शिष्टाई

तेहरानमधील अमेरिकी वकिलात ४ नोव्हेंबर १९७९ रोजी क्रांतिवादी विद्यार्थ्यांनी ताब्यात घेतली. त्यातून उद्भवलेला पेच संयुक्त राष्ट्रसंघाला सोडवता आला नाही, आर्थिक निर्बंधांनी सुटला नाही आणि एप्रिल १९८० मधील लष्करी मोहीम तर आठ सैनिकांचे प्राण गमावून वाळवंटातूनच परतली. अखेर ५२ ओलिसांची ४४४ दिवसांनी सुटका झाली ती अल्जीरियाच्या मध्यस्थीने.

अल्जीरिया हा काही अमेरिकेचा मित्र नव्हता. फ्रेंच सत्तेशी रक्तरंजित लढा देऊन स्वतंत्र झालेल्या या अलिप्ततावादी राष्ट्राचा ओढा इराणच्या क्रांतीकडेच अधिक होता. तटस्थ म्हणजे स्वतःचे मत नसलेला, ही समजूत येथे टिकत नाही. तेहरानचा विश्वास बसला तो या ओढ्यामुळेच. वॉशिंग्टनला हवा होता तो निरोप इमानाने पोहोचवणारा. अमेरिकी कायदा अध्यक्षांना काय करू देतो आणि काय नाही, हे इराणी नेत्यांना समजावण्याचे किचकट कामही अल्जीरियन मुत्सद्द्यांनीच केले.

१९ जानेवारी १९८१ च्या समझोत्याची घडण या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. रूपाने तो अल्जीरिया सरकारचा जाहीरनामा होता. इराण आणि अमेरिका यांनी त्याला आपापली संमती दिली. एकमेकांसमोर न बसता दोघांनाही बांधून घेता आले. गोठवलेल्या इराणी मालमत्तेपैकी सुमारे आठ अब्ज डॉलर बँक ऑफ इंग्लंडमध्ये अल्जीरियाच्या मध्यवर्ती बँकेच्या नावे जमा झाले. ओलीस इराणबाहेर सुखरूप पडल्याचा दाखला अल्जीरियाने दिल्यावरच ती रक्कम हलणार होती. (कर्जफेड वजा जाता इराणच्या हाती लगेच पडले ते निम्म्याहून कमी, हा भाग निराळा.)

या वाटाघाटींचे सूत्रधार होते अल्जीरियाचे परराष्ट्रमंत्री मोहम्मद सिद्दिक बेनयाहिया. स्वातंत्र्यापूर्वी फ्रान्सशी एव्हिआं येथे झालेल्या वाटाघाटींतही ते होते. ओलिसांचे प्रकरण मिटल्यावर त्यांनी इराण-इराक युद्धात लक्ष घातले. त्या दोन देशांचा १९७५ चा सीमा-समझोता अल्जियर्समध्येच झाला होता आणि इराकने तो १९८० मध्ये झुगारून दिला होता. ३ मे १९८२ रोजी तेहरानकडे निघालेले बेनयाहियांचे विमान इराण-तुर्कस्तान सीमेजवळ क्षेपणास्त्राने पाडले गेले. अल्जीरियाच्या चौकशीत बोट इराककडे वळले. तरीही अल्जीरियाने बगदादशी संबंध तोडले नाहीत. युद्ध मात्र ऑगस्ट १९८८ पर्यंत चालूच राहिले.