मापांची दुनिया – भाग ६ : तेहतीस फुटांची साखळी

मागच्या आठवड्यात हात, वीत आणि बोट या शरीरावरून घेतलेल्या मापांची ओळख झाली. या वेळी शेताच्या बांधावर जाऊ. महाराष्ट्रात जमिनीची बोलणी आजही गुंठ्यात होतात. सातबाऱ्यावर मात्र क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहिलेले असते. बोलताना पुष्कळजण आर आणि गुंठा एकच धरून चालतात. ही दोन मापे इतकी जवळ कशी आली आणि त्यांत फरक किती, याचे उत्तर एका साखळीच्या लांबीत आहे.

सारा ठरवण्यासाठी गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६च्या सुमारास इंदापूर तालुक्यात नवी पाहणी हाती घेतली. तिथून ही पद्धत मुंबई इलाख्यात पसरली. या इलाख्यातली मोजणीची साखळी ३३ फुटांची. इंग्लंडच्या ६६ फुटी गुंटर साखळीच्या ती बरोबर निम्मी होती आणि रुपयासारखेच तिचेही सोळा आणे पाडलेले असत. साखळीभर लांब आणि साखळीभर रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट. चाळीस गुंठ्यांचे होतात ४३,५६० चौरस फूट, म्हणजे नेमका एक एकर.

भारतात मेट्रिक मापांचा कायदा १९५६ साली झाला आणि पुढे जमिनीच्या कागदांवर आर आला. दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद, असे त्याचे १०० चौरस मीटर.

आता दोन्ही बाजू शेजारी ठेवू. एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर, त्यामुळे ३३ फुटांचे १०.०५८४ मीटर होतात. साखळी दहा मीटरपेक्षा ५.८४ सेंटिमीटरने, जेमतेम तीन बोटांनी लांब आहे. लांबीतला हा फरक साधारण ०.५८ टक्के. पण क्षेत्रफळात तो लांबीकडूनही येतो आणि रुंदीकडूनही, म्हणून जवळपास दुप्पट होतो : एक गुंठा म्हणजे १०१.१७ चौरस मीटर.

एका गुंठ्यात हा फरक जाणवत नाही.

एकरात मात्र तो दिसतो. सातबाऱ्यावरचे ४० आर कोणी ‘चाळीस गुंठे, म्हणजे एकर’ समजून एकराच्या भावाने घेतले, तर ४७ चौरस मीटर, म्हणजे ५०० चौरस फुटांहून थोडी जास्त जागा कमी पडते. पुण्या-मुंबईत तेवढ्यात एका कुटुंबाचा संसार मांडला जातो. एकर पुरा व्हायला ४०.४७ आर लागतात आणि एका हेक्टरात १०० नव्हे, ९८.८४ गुंठे बसतात.

तोंडी हिशेबासाठी एक सोपी रीत आहे. आरांचे गुंठे करताना दर शंभरामागे १.१६ वजा करावे. खरेदीखताआधी मात्र चौरस मीटरचा आकडा घ्यावा आणि त्याला १०१.१७ने भागावे. भाव गुंठ्याचा असेल, तर पैसेही याच भागाकारावर ठरवावेत.

पुढच्या भागात सुताराचे सूत : एका इंचात आठ सूत, एका सुतात ३.१७५ मिलिमीटर आणि १९ मिलिमीटरच्या प्लायला ‘सहा सूत’ म्हणण्यामागचा हिशेब.