मान कुणाला, भय कुणाचे? मतदान आणि ख्रिस्ती शिकवण

निवडणूक जवळ आली की गोव्यातल्या मराठी घरांत एक वाक्य हमखास कानी पडते : ‘त्यांचे काय, पाद्री सांगेल तिकडे त्यांची मते.’ बोलणाऱ्याच्या मनात वैर असतेच असे नाही. शेजाऱ्याविषयी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला तो एक समज आहे. तो तपासून घ्यायचा, तर सत्ताधाऱ्याला मान देणे आणि मत देणे या दोन गोष्टींविषयी ख्रिस्ती धर्म आपल्या माणसांना नेमके काय सांगतो, हे आधी पाहावे लागेल.

नव्या करारातली दोन स्थळे यासाठी नेहमी पुढे केली जातात. पौलाने रोमच्या मंडळीला लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात असे सांगितले आहे की, सत्ता देवाने नेमलेली असते, म्हणून तिच्या अधीन राहावे आणि करही द्यावा. पेत्राच्या पहिल्या पत्रात, दुसऱ्या अध्यायात, चार छोट्या आज्ञा एकापाठोपाठ येतात. माणसांना मान द्यायचा, बंधुवर्गावर प्रीती करायची, देवाचे भय धरायचे आणि राजालाही मान द्यायचा, असा त्यांचा आशय. मूळ ग्रीक शब्द पाहिले तर गंमत लक्षात येते. सगळ्या माणसांसाठी आणि राजासाठी वापरलेले क्रियापद एकच आहे, मान देण्याचे. भय धरण्याचे क्रियापद फक्त देवासाठी राखून ठेवले आहे. रोमन साम्राज्यात सम्राटाची देवासारखी पूजा होत असे. त्या काळात सम्राटाला इतर माणसांच्या रांगेत बसवणे ही लहान गोष्ट नव्हती. मान सर्वांना, भय एकाचेच, हा भेद आपण लक्षात ठेवू; पुढचे सगळे त्यावर उभे आहे.

पौल स्वतः कसा वागला तेही पाहण्यासारखे आहे. चौकशीच्या वेळी तो एकाला कठोर शब्द बोलला आणि तो माणूस महायाजक आहे असे कळताच त्याने तो शब्द मागे घेतला. अधिपतीची निंदा करू नये, हे शास्त्र त्याने स्वतःलाच लावून घेतले. पण फिलिप्पै गावी त्याला चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकले, आणि दुसऱ्या दिवशी ‘गुपचूप निघून जा’ असा निरोप आला, तेव्हा तो हलला नाही. आपण रोमन नागरिक आहोत, ज्यांनी हे केले त्यांनी स्वतः येऊन आपल्याला बाहेर न्यावे, असे त्याने कळवले. पुढे त्याने थेट कैसराकडे दाद मागितली. अधिकाऱ्याचा मान राखणे आणि नागरिकाचा हक्क वाजवून घेणे यांत त्याला विरोध दिसला नाही. प्रेषितांना उपदेश बंद करण्याचा हुकूम झाला तेव्हा त्यांनीही, माणसांपेक्षा देवाचे ऐकणे आम्हाला भाग आहे, असे न्यायसभेला तोंडावर सांगितले.

हा तोल नेहमी सांभाळला गेला, असे म्हणता येणार नाही. गोव्यातल्या वाचकांना ते सांगायलाही नको. पाद्रोआदो व्यवस्थेने इथले चर्च पोर्तुगीज राजसत्तेशी बांधले गेले होते. इन्क्विझिशन १५६० मध्ये इथे आले आणि कायमचे बंद व्हायला १८१२ साल उजाडावे लागले. धर्म आणि सत्ता एक झाली की भय माणसाचे धरावे लागते, याची ती आठवण आहे. जर्मनीत हिटलरच्या काळात रोमकरांसच्या पत्रातला तोच तेरावा अध्याय निमूट आज्ञापालनासाठी वापरला गेला. त्याविरुद्ध काही प्रॉटेस्टंट मंडळ्यांनी १९३४ मध्ये बार्मेन येथे जाहीरनामा काढला आणि राज्यसंस्थेने आपली मर्यादा ओलांडू नये असे बजावले.

आता मतदानाकडे वळू. पौल आणि पेत्र यांच्या वाचकांच्या हाती मतपत्रिका नव्हती. राज्य दुसऱ्याचे होते. त्यांनी फक्त कसे वागावे एवढाच प्रश्न होता. लोकशाहीत मतदार स्वतःच सत्तेचा एक अंश असतो. त्यामुळे जुन्या आज्ञेत एक नवी जबाबदारी आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या आपल्या एका दस्तऐवजात, सर्वांच्या हितासाठी मुक्तपणे मत देणे हा नागरिकाचा हक्क आणि कर्तव्यही आहे, असे सांगितले. चर्च कोणत्याही राजकीय व्यवस्थेशी बांधलेले नाही, हेही स्पष्ट केले. कॅथलिक चर्चच्या प्रश्नोत्तर-ग्रंथात कर भरणे, मतदान करणे आणि देशाचे रक्षण करणे ही तिन्ही नैतिक कर्तव्ये एकत्रच मांडली आहेत. १९८३ च्या चर्च-कायद्याने धर्मगुरूंना सत्तेची राजकीय पदे घेण्यास मनाई केली आहे, आणि पक्षकार्यात सक्रिय भाग घेण्यावरही बंधन घातले आहे. थोडक्यात, धर्मगुरूने कसोटी सांगावी. निवड मतदाराच्या विवेकाची.

व्यवहारात ही रेषा पुसट होते, हे मान्य करायला हवे. निवडणुकीआधी पत्रक निघते; त्यात पक्षाचे नाव नसते, पण गुणांचे वर्णन असे केलेले असू शकते की नाव वाचणाऱ्याने स्वतःच भरावे. इथे आपल्या देशाचा कायदा उपयोगी पडतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम १२३ प्रमाणे, अमुक मत दिले तर दैवी कोप होईल किंवा धर्माकडून निर्भर्त्सना होईल, असे मतदाराच्या मनावर बिंबवणे हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरतो. १९५९ मध्ये राम दयाल विरुद्ध संत लाल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे नामधारी शीख गुरूंच्या हुकमाचा प्रश्न आला होता. धर्मगुरूला उमेदवाराविषयी मत सांगता येते, प्रचारही करता येतो. पण भक्ताला निवडीला वावच उरू नये असा हुकूम देता येत नाही, असा त्या निकालाचा अर्थ. मान आणि भय यांत पेत्राच्या पत्राने केलेला भेद इथे, वेगळ्या वाटेने, कायद्यात आलेला दिसतो.

आता सुरुवातीच्या समजाकडे येऊ. त्याला सर्वांत मोठा आधार म्हणून १९६७ च्या जनमत कौलाकडे बोट दाखवले जाते. १६ जानेवारीला गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हावे की संघप्रदेश राहावे यावर मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि संघप्रदेशाच्या बाजूने १,७२,१९१ मते पडली. फरक ३४,०२१ चा. मराठी मनाला तो निकाल लागला, आणि ‘ख्रिस्ती मतांनी घात केला’ असे म्हटले गेले. पण तेव्हा गोव्यात ख्रिस्ती निम्म्याहून बरेच कमी होते. ते सगळे एका बाजूला गेले असे धरले, तरी एकट्याने हा कौल त्यांना घडवता आला नसता. अनेक हिंदू घरांनीही तीच निवड केली होती.

त्याच वर्षी मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली आणि विलीनीकरण मागणाऱ्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षालाच गोव्याने पुन्हा सत्ता दिली. दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. जॅक सिक्वेरा यांच्या ज्या युनायटेड गोवन्स पक्षाने जानेवारीचा कौल जिंकला होता, तो विरोधी बाकांवर बसला. एकाच समाजाने तीन महिन्यांत दोन वेगळे निर्णय दिले, आणि दोन्ही बाजूंनी ते मानले. सत्ताधाऱ्याला मान देणे म्हणजे काय, हे यातून कळते. आपण ज्याला मत दिले नाही तोही खुर्चीवर बसला की त्या खुर्चीचा मान राखायचा. त्याचे चुकले तर सभागृहात, न्यायालयात, वर्तमानपत्रात तसे सांगायचे. मिस्सेच्या वेळी चर्चमध्ये राज्यकर्त्यांसाठी प्रार्थना होते, ती मतदान कुणाला केले हे विचारून होत नाही.

तेव्हा पुढच्या निवडणुकीत ते वाक्य पुन्हा कानी आले, तर दोन प्रश्न विचारून पाहा. शेजाऱ्याला धर्मगुरूने कसोटी सांगितली की हुकूम दिला? आणि आपल्या मठातून, देवळातून, ज्ञातीच्या सभेतून आपल्याला काय सांगितले जाते? पहिला प्रश्न विचारण्याचा हक्क दुसऱ्याचे उत्तर दिल्याशिवाय मिळत नाही.