बुरशीचं औषध शरीरात नेमकं काय करतं?

घशासाठी किंवा लघवीच्या जळजळीसाठी आठवडाभर अँटिबायोटिक घेतलं. मूळ त्रास गेला. पण काही दिवसांनी तोंडात दह्यासारखे पांढरे चट्टे उठले, किंवा घरातल्या बाईला खाली खाज आणि पांढरं पाणी जाण्याची तकलीफ सुरू झाली. "गरमी झाली" म्हणून बरेच जण गप्प बसतात. काही जण मेडिकलमधून परत तेच अँटिबायोटिक आणतात. दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. असा त्रास अनेकदा कँडिडा नावाच्या यीस्टमुळे होतो, आणि यीस्टवर अँटिबायोटिक चालत नाही.

यीस्ट म्हणजे खमीरच्या खानदानातलं

नान किंवा पाव फुगवणारं खमीर आपल्या सगळ्यांना माहीत आहे. तेही यीस्टच, म्हणजे एका पेशीची बुरशी. कँडिडा हा त्याचा दूरचा नातेवाईक. निरोगी माणसाच्या तोंडात, आतड्यात, त्वचेवर तो थोड्या प्रमाणात असतोच. आपली प्रतिकारशक्ती आणि शरीरातले चांगले जिवाणू त्याला आवरून धरतात. अँटिबायोटिकने ते जिवाणू मेले की कँडिडाला रान मोकळं मिळतं. शुगर वाढलेली असेल, गरोदरपण असेल, स्टिरॉइड चालू असेल किंवा कवळी नीट साफ होत नसेल, तरी तो वाढतो.

वाढतो म्हणजे किती? गणित करून बघा. एक पेशी दर दीड तासाला दुप्पट होते असं धरू. चोवीस तासांत ती सोळा वेळा दुप्पट होईल, म्हणजे एकाच्या 65,536 पेशी! शरीरात इतकी मोकळीक मिळत नाही, पण त्रास दोन दिवसांत का भडकतो ते यावरून लक्षात येईल.

औषध कुठे घाव घालतं?

जिवाणूची पेशी आपल्या पेशीपेक्षा खूप वेगळी असते, म्हणून त्याला मारणारी औषधं शोधणं तुलनेनं सोपं गेलं. यीस्टच्या पेशीत मात्र आपल्यासारखंच केंद्रक असतं. त्याला मारायचं आणि आपल्याला धक्का लावायचा नाही, हे अवघड काम आहे. त्यासाठी शास्त्रज्ञांनी दोन फरक हेरले. आपल्या पेशीपटलात कोलेस्टेरॉल असतं, यीस्टच्या पेशीपटलात त्याऐवजी एर्गोस्टेरॉल. आणि यीस्टला बाहेरून भक्कम पेशीभित्तिका असते, आपल्या पेशींना ती नसते.

या फरकांवर तीन प्रकारची औषधं काम करतात.

पहिला प्रकार फ्लुकोनॅझोल, क्लोट्रिमॅझोल यांचा. ही औषधं एर्गोस्टेरॉल तयार करणारं विकर अडवतात. माल मिळाला नाही की पटल कच्चं राहतं आणि वाढ थांबते. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. फ्लुकोनॅझोल कँडिडाला बहुधा ठार मारत नाही, फक्त त्याची वाढ रोखतं. उरलेल्या पेशींचा सफाया आपल्या प्रतिकारशक्तीला करावा लागतो.

दुसरा प्रकार निस्टॅटिन आणि अँफोटेरिसिन बी. ही औषधं थेट एर्गोस्टेरॉलला चिकटून पटल निकामी करतात, पेशीतला ऐवज बाहेर गळतो आणि यीस्ट मरतं. निस्टॅटिन 1950 साली एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोन अमेरिकन महिला शास्त्रज्ञांनी मातीतल्या जिवाणूपासून मिळवलं. न्यूयॉर्क स्टेटवरून त्याचं नाव पडलं. अँफोटेरिसिनचं नाव आपण 2021 मध्ये काळ्या बुरशीच्या साथीत ऐकलं. ती बुरशी यीस्ट नव्हे, पण औषध तेच. ते किडनीला त्रास देऊ शकतं, म्हणून दवाखान्यात लक्ष ठेवूनच देतात.

तिसरा प्रकार कॅस्पोफंगिनसारख्या इंजेक्शनांचा. ही पेशीभित्तिकेचं बांधकाम बंद पाडतात. रक्तात कँडिडा पसरलेल्या गंभीर रुग्णांना ती देतात.

औषध चालेनासं का होतं?

डोस अर्धवट सोडला, कमी घेतला किंवा विनाकारण वारंवार घेतला, तर कमजोर यीस्ट दबतं आणि चिवट यीस्ट टिकून पुढे वाढतं. काही पेशी आत आलेलं औषध पंपाने पाणी उपसावं तसं बाहेर फेकतात. काही पेशी विकराचा आकारच बदलतात, मग औषध त्याला चिकटत नाही. कवळीवर किंवा सलाईनच्या नळीवर यीस्टचा चिकट थर जमला, तर औषध आतपर्यंत पोहोचत नाही.

कँडिडा ऑरिस या जातीचं वर्णन प्रथम 2009 मध्ये जपानमध्ये झालं. पुढे ती भारतातल्या रुग्णालयांतही सापडली. तिच्यावर फ्लुकोनॅझोल बहुतेक वेळा चालत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये धोकादायक बुरशींची यादी काढली, त्यात ती सर्वांत वरच्या गटात आहे.

घरात काय पाळायचं?

- डॉक्टरांनी जितके दिवस सांगितले तितके दिवस औषध घ्या. खाज थांबली म्हणून बंद करू नका. एकच गोळी दिली असेल, तर मनाने दुसरी घेऊ नका.
- दुसऱ्याची चिठ्ठी दाखवून मलम आणू नका. अनेक मलमांत स्टिरॉइड मिसळलेलं असतं. खाज लगेच थांबते, पण बुरशी आतून वाढत राहते.
- शुगरची गोळी किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, गरोदरपण असेल, तर ते आधी डॉक्टरांना सांगा. फ्लुकोनॅझोलचा या सगळ्यांशी संबंध येतो.
- दम्याचा स्टिरॉइड पंप घेतल्यावर चूळ भरून पाणी थुंका. कवळी रात्री काढून साफ करून ठेवा.
- त्रास सारखा उलटत असेल, तर रक्तातली साखर तपासा आणि नमुना लॅबमध्ये द्यायचा का, ते डॉक्टरांना विचारा. कोणतं यीस्ट आहे आणि त्यावर कोणतं औषध चालतं, हे तपासता येतं.

शेवटचं, पण सगळ्यात गरजेचं. साधारण चारपैकी तीन स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी योनीमार्गाचा हा त्रास होतो. यात चारित्र्याचा किंवा अस्वच्छतेचा प्रश्न नाही. तरीही आपल्या मुली शरमेपोटी महिनोन्महिने सहन करतात. अम्मीने, खालाने, मोठ्या बहिणीने हा विषय घरात मोकळेपणी काढावा आणि मुलीला लेडी डॉक्टरकडे घेऊन जावं. वेळेत योग्य औषध मिळालं, तर बहुतेक जणींचा हा त्रास थोड्याच दिवसांत बरा होतो.