पासवर्ड बरोबर, तरी दार बंद

जुहूची एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) आणि पवईची आयआयटी यांच्यात १९८७ च्या सुमारास डायल-अप फोनलाइनवरून ईमेलची ये-जा सुरू झाली. एनसीएसटीचे तेव्हाचे प्रमुख श्रीनिवासन रमाणी यांना पुढे २०१४ साली इंटरनेट हॉल ऑफ फेमचा मान मिळाला. भारतातल्या ईमेलची सुरुवातीची पावलं आपल्या मुंबई उपनगरात पडली, याचा मला अभिमान वाटतो. त्या काळी वापरणारे मोजके. प्रत्येक यंत्र आपापल्या माणसांची नावं आणि पासवर्ड आपल्याजवळच ठेवी आणि तेवढ्यानं भागे.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमनं इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, कंपन्या वाढल्या आणि एकेका माणसाचे चार-चार पासवर्ड झाले. म्हणून सगळ्यांची एकच नोंदवही हवी, हा विचार रुजला. अशा नोंदवहीला, म्हणजे डिरेक्टरीला, प्रश्न विचारण्याची ठरलेली भाषा म्हणजे एलडॅप. मिशिगन विद्यापीठात आकाराला आलेल्या एलडॅपचं पहिलं मानक १९९३ चं. विंडोज २००० बरोबर ॲक्टिव्ह डिरेक्टरी आली आणि अंधेरी एमआयडीसीपासून मुलुंडपर्यंत ऑफिसांत हीच पद्धत रुळली. पवईच्या कॅम्पसवर तर विद्यार्थी सर्रास ‘एलडॅप पासवर्ड’ म्हणतात.

आता मेल सर्व्हर हा सोसायटीच्या वॉचमनसारखा झाला: आलेल्या माणसाला तो स्वतः ओळखत नाही, ऑफिसात फोन करून विचारतो. त्यामुळे ‘मेल बंद आहे’ अशी तक्रार येते तेव्हा मेल बहुधा धडधाकट असतो, अडलेली असते ती विचारपूस. हे लक्षात न घेता मेल सर्व्हर रीस्टार्ट करत बसणं म्हणजे निव्वळ वेळेची नासाडी.

पहिला प्रश्न एकच: एकालाच अडलंय की सगळ्यांना? सगळ्यांना अडलं असेल, तर बोट मेल सर्व्हर आणि डिरेक्टरी यांच्यामधल्या दुव्याकडे जातं. मेल सर्व्हर आधी स्वतःच्या एका सर्व्हिस अकाउंटनं डिरेक्टरीत शिरतो, माणसाची नोंद शोधतो आणि मगच त्या नोंदीवर त्याचा पासवर्ड लावून पाहतो. त्या सर्व्हिस अकाउंटचाच पासवर्ड मुदत संपून बाद झाला, तर सकाळी सगळं ऑफिस एकदम बाहेर. एलडॅपच्या सुरक्षित जोडणीच्या ६३६ पोर्टवरच्या सर्टिफिकेटची तारीख उलटली, तरी तेच. ओळख पटवायला कर्बेरॉस ही पद्धत वापरात असेल तर घड्याळही बघावं, पाच मिनिटांहून जास्त फरक त्याला सहसा चालत नाही.

एकालाच अडलं असेल, तर लॉग उघडावा. ‘अहो, पासवर्ड बरोबरच टाकतोय!’ असं सांगणारा माणूस बरेचदा खरं बोलत असतो. ॲक्टिव्ह डिरेक्टरी नकार देताना ४९ हा आकडा देते आणि त्याच ओळीत पुढे ‘डेटा’ म्हणून खरं कारण सांगते: ७७५ म्हणजे खातं लॉक, ५३२ म्हणजे पासवर्डची मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद केलेलं. ७७५ दिसला की मी आधी मोबाइल विचारतो. ऑफिसात पासवर्ड बदललेला असतो, खिशातला फोन मात्र दर काही मिनिटांनी जुनाच पासवर्ड पाठवत राहतो आणि खातं लॉक होतं. ते नुसतं अनलॉक करून दिलं, तर दुपारच्या आत परत तीच तक्रार. आधी फोनमध्ये नवा पासवर्ड टाकायचा, मग अनलॉक.

कधी नोंदच सापडत नाही. माणसाची बदली घाटकोपरहून बोरिवलीला होते, डिरेक्टरीत त्याची नोंद दुसऱ्या शाखेखाली सरकते, पण मेल सर्व्हर अजून जुन्याच शाखेत शोधतोय. किंवा एकच ईमेल पत्ता चुकून दोन नोंदींवर चढलेला असतो, मग नेमका कोणाचा पासवर्ड तपासायचा, हे सर्व्हरला ठरवता येत नाही. यासाठी ‘एलडॅपसर्च’ ही आज्ञा मेल सर्व्हरवरूनच, त्याच सर्व्हिस अकाउंटनं चालवावी. मेल सर्व्हर डवकॉट असेल तर ‘डवॲडम ऑथ टेस्ट’ आहेच. चाचणीला वेगळं खातं ठेवावं. लोकांचा पासवर्ड फोनवर विचारण्याची आपल्याकडची सवय घातक आहे, ती मोडलीच पाहिजे.

एक तपासणी मात्र तक्रार नसतानाही करावी. एलडॅपच्या मानकात नाव देऊन पासवर्ड रिकामा सोडला, तर तो अनामिक प्रवेश धरायची मुभा आहे. डिरेक्टरीनं तो मान्य केला आणि मेलच्या बाजूनं रिकाम्या पासवर्डला अटकाव नसेल, तर कोणीही कोणाच्याही नावानं आत जाईल. चाचणीच्या खात्यानं, पासवर्डची जागा कोरी ठेवून, हे आपल्या सर्व्हरवर करून बघा. आत जाता आलं, तर बाकीची कामं बाजूला ठेवून आधी ते बंद करा.