दोन याद्या, एक अंगण

रविवारी सकाळी साडेसात ते पावणेआठ ही पंधरा मिनिटे आमच्या घरात कोणी कोणाशी बोलत नाही. भांडण झालेले नसते. मी मागच्या पायरीवर वही घेऊन बसतो, पत्नी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहते. अंगणात, कुंपणापलीकडच्या उंबरावर किंवा वरच्या आभाळात जो पक्षी कळेल त्याचे नाव प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचे. एकमेकांना खुणादेखील करायच्या नाहीत. मग चहा घेताना दोन्ही वह्या शेजारीशेजारी ठेवायच्या.

घरामागचे कावळे-चिमण्या मोजण्यात कसले आले विज्ञान, असे कोणी विचारले तर किहीमची आठवण द्यावी. 1930 साली सलीम अली नोकरी गेल्यामुळे पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीमला, तेहमिनांच्या माहेरच्या घरी राहायला गेले. घराजवळच सुगरणींची वसाहत होती. ती रोज पाहून त्यांनी शोधून काढले, की नर एकामागून एक अर्धवट घरटी विणतो, मादी ती पारखून एखादे पसंत करते, आणि तिचा संसार मार्गी लागला की नर पुढच्या मादीसाठी नवे घरटे विणायला घेतो. त्यासाठी त्यांना दूरच्या जंगलात जावे लागले नाही.

आता आमच्या वह्या. मार्चमधल्या एका रविवारी माझ्या यादीत नऊ जाती होत्या, तिच्या यादीत अकरा. कावळा, पारवा, साळुंकी, चिमणी, बुलबुल, दयाळ आणि शिंजीर या सात दोघांकडेही होत्या. माझ्याकडे जास्तीच्या दोन, घार आणि पाकोळी. तिच्याकडे जास्तीच्या चार: शिंपी, वटवट्या, तांबट आणि कोकीळ.

“कोकीळ नाही लिहिलास? गल्लीभर ओरडत होता!” ती म्हणाली. ओरडणे मलाही ऐकू आलेच असणार. पण डोळ्यांना न दिसलेला पक्षी यादीत लिहावा हे मला सुचतच नाही. मी बघतो, ती ऐकते. लग्नाला अठरा वर्षे झाली, पण ही गोष्ट आम्हांला वह्यांनी सांगितली.

दोघांच्या मिळून तेरा जाती झाल्या. पण खरा प्रश्न पुढेच आहे. दोघांच्याही नजरेतून सुटलेल्या जाती किती? जे पाहिलेच नाही ते मोजायचे कसे?

पत्नी शाळेत गणित शिकवते. तिने उत्तरपत्रिकेचे उदाहरण घेतले. एकच उत्तरपत्रिका दोन शिक्षकांनी स्वतंत्रपणे तपासली. दोघांना सापडलेल्या चुका बहुतेक त्याच असतील, तर फारसे काही सुटलेले नाही असे समजावे. दोघांना अगदी वेगवेगळ्या चुका सापडल्या असतील, तर तिसऱ्याला देण्याजोगे बरेच काही शिल्लक असणार. म्हणजे सुटलेल्याचा अंदाज सामाईक भागावरून करता येतो.

तेच पक्ष्यांना लावू. तिच्या अकरा जातींपैकी मला सात कळल्या. म्हणजे माझी पकड अकरात सात, सुमारे 64 टक्के. अंगणातल्या सगळ्याच जातींबाबत माझी पकड एवढीच आहे असे मानले, तर माझ्या नऊ जाती म्हणजे एकूण जातींच्या 64 टक्के. एकूण म्हणजे 9 गुणिले 11 भागिले 7, साधारण चौदा. दिसल्या तेरा, तेव्हा एखादी जात दोघांनाही हुकली असावी.

युक्ती जुनी आहे. डेन्मार्कच्या पीटरसन यांनी 1896 मध्ये खुणा केलेले मासे पुन्हा पकडून तिचा पाया घातला आणि 1930 साली अमेरिकेत लिंकन यांनी कडी घातलेल्या बदकांवरून तेथील पाणपक्ष्यांच्या संख्येचा अंदाज केला. तेथे एकच माणूस दोनदा जाळे टाकतो, येथे दोन माणसे एकेकदा टाकतात, एवढाच फरक.

वर्गात सूत्र सांगून थांबू नये, ते कोठे फसते हे जरूर सांगावे. सर्व जाती सारख्याच सहज कळतात असे सूत्राने धरले आहे. पण कावळा कोणालाही कळतो आणि ढोलीत गप्प बसलेला पिंगळा कोणालाच कळत नाही. त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि उत्तर खऱ्यापेक्षा कमी येते. आमच्या घरी याच्या उलटही घडते. डोळेवाला आणि कानवाली यांचे सामाईक कमी भरते आणि उत्तर खऱ्यापेक्षा जास्त येते. दोन चुका एकमेकींना किती खोडतात हे एका रविवारवरून कळणार नाही. आणि मधेच एकाने “तो बघ!” म्हटले, की सूत्राचा पायाच गेला. न बोलण्याचा नियम त्यासाठी आहे.

या वह्यांचा खरा उपयोग झाला तो थाळीच्या वादात. एका हिवाळ्यात पत्नीने ज्वारी-बाजरीची थाळी ठेवायला सुरुवात केली. पहिल्या आठवड्यात चिमण्या आल्या. घरात आनंदीआनंद झाला. महिनाभरात पारवे आले, मग आणखी पारवे आले आणि चिमण्या कुंपणावरूनच बघू लागल्या. एके दिवशी थाळीजवळ पिसे फुगवून बसलेला एक पारवा दिसला. चोच ओली, दाणा उचलायचा पण गिळता येत नव्हता. त्याला नेमके काय झाले होते हे तपासलेले नाही. मात्र पारव्यांच्या घशात वाढणारा ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवी अशीच लक्षणे दाखवतो, आणि लाळ लागलेल्या दाण्यापाण्यातून पसरतो.

ब्रिटनमध्ये 2005 च्या सुमारास हाच परजीवी ग्रीनफिंच या छोट्या पक्ष्यात साथीसारखा पसरला आणि काही वर्षांत तेथील ग्रीनफिंचची संख्या सुमारे एकतृतीयांशाने घटली. ब्रिटनमध्ये परसात दाणे टाकण्याची हौस मोठी. एरवी पांगून चरणारे पक्षी थाळीभोवती दाटीवाटीने जमतात आणि रोगाला आयती वाट मिळते.

मी म्हणालो, थाळी बंद. ती म्हणाली, रोज धुऊ, पण बंद नको. ठरेना, तेव्हा एक महिना थाळी आणि एक महिना नाही, असे वर्षभर केले. (आधी सहा महिने ठेवून मग सहा महिने बंद करावी, असे मी सुचवले होते. त्यात ऋतूचा फरक थाळीच्या माथी बसला असता, हे तिने दाखवून दिले.) थाळीच्या महिन्यांत पारव्यांची संख्या कितीतरी वाढे, जातींचा अंदाज मात्र जेथल्या तेथेच राही. शिंजीर, शिंपी, दयाळ यांना ज्वारीशी देणेघेणेच नाही. चिमणीसुद्धा अगदी लहान पिलांना मुख्यतः किडे-अळ्या भरवते, तेव्हा दाण्यांनी तिची पिले वाढत नाहीत. ती वाढतात आपण ज्यावर औषध फवारतो त्या अळ्यांवर. आमच्या लिंबाची पाने फुलपाखराच्या अळ्या कुरतडतात. पत्नीने त्यांना हात लावायचा नाही असे फर्मान काढले आहे.

थाळी गेली, पाण्याचे पसरट मातीचे भांडे राहिले. पाणी दोन-तीन बोटेच खोल, तळ खरखरीत, म्हणजे पाय घसरत नाहीत. रोज नुसते पाणी बदलून भागत नाही, भांडे घासावेही लागते. डेंग्यू पसरवणाऱ्या डासाची अंडी कडेला चिकटून राहतात आणि पुन्हा पाणी लागले की फुटतात.

शाळेत हे करायचे तर एका बाकावरच्या दोघांची जोडी करावी, पण दोघांना मैदानाच्या त्याच कोपऱ्याकडे तोंड करून दूरदूर बसवावे. फेब्रुवारीत चार दिवस परसातले पक्षी मोजण्याचा जो उपक्रम अमेरिकेत 1998 मध्ये सुरू झाला आणि ज्यात भारतातले लोक 2013 पासून भाग घेतात, त्यातही पंधरा मिनिटांची यादी चालते. पक्ष्याचे नाव आले नाही तर ‘काळे डोके, बुडाशी लाल’ असे वर्णन लिहिले तरी चालेल. फक्त दोघांचे वर्णन एकाच पक्ष्याचे आहे का, यावर नंतर वाद होईल, तेवढा वेळ हाताशी ठेवावा. आमच्याकडे गेल्या रविवारचा एक ‘तपकिरी, शेपूट उडवणारा’ अजून मिटलेला नाही.