पात्रतेचे कलम

बंगळूर येथील लष्करी पोलीस दलाच्या केंद्रात द्रोणाचार्य संचलन मैदानावर ८ मे २०२१ रोजी ८३ तरुणींनी शपथ घेतली व त्या भारतीय भूसेनेच्या शिपाई झाल्या. साथीचे दिवस असल्याने समारंभ साधेपणानेच उरकण्यात आला. शस्त्रे, वाहने, संदेशवहन, पोलिसी कामे, एवढेच नव्हे तर युद्धकैद्यांची व्यवस्था, यांचे शिक्षण त्यांनी ६१ आठवडे घेतले होते. डॉक्टर व परिचारिका म्हणून स्त्रिया सैन्यात पूर्वीपासून होत्या. इतर शाखांत अधिकारी म्हणून त्या १९९२ पासून येऊ लागल्या. नियमित सैन्यातील शिपायाची पायरी मात्र तोवर त्यांना बंद होती.

ती बंद होती याचे मूळ १९५० च्या लष्कर कायद्याच्या बाराव्या कलमात आहे. केंद्र सरकार अधिसूचना काढून ज्या शाखांची नावे देईल त्या वगळता स्त्री नियमित सैन्यास अपात्र, असे ते कलम सांगते. म्हणजे अपात्रता हा नियम व पात्रता हा अपवाद. एखादी मुलगी किती धावते, किती ओझे वाहते, हा प्रश्न त्यानंतरचा.

याच बंगळुरात पॅराशूट पलटणीचे शिपाईही घडविले जात आले आहेत. त्या पलटणीच्या खास तुकड्यांची निवड अतिशय कठोर असते; बहुतेक पुरुषही तीत गळतात. तेथे स्त्रिया कशा टिकतील, असे मोठ्या आवेशाने विचारले जाते. परंतु जिला परीक्षेला बसण्याचीच मुभा नाही, तिच्या नापास होण्याची चर्चा कशाला? नुसत्या विमानातून उडी मारण्याचेच म्हणाल, तर हवाई दलातील एका स्त्री-डॉक्टरने ती १९५९ मध्येच मारली होती. शत्रूच्या हाती सापडण्याचे भय हा आक्षेप अधिक गंभीर आहे. पण त्याचा निवाडा शारीरिक चाचणीने व्हावयाचा नाही.

अमेरिकेत क्रम उलटा होता. तेथे २०१५ मध्ये रेंजर प्रशिक्षणशाळा प्रयोगादाखल स्त्रियांस खुली झाली. पहिल्या तुकडीत १९ जणी होत्या. ऑगस्टमध्ये दोघी उत्तीर्ण झाल्या. रेंजर पलटणीत जाण्याचा हक्क तेव्हाही त्यांना नव्हता. डिसेंबरमध्ये सर्वच लढाऊ जागा खुल्या करण्याचा निर्णय झाला.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्त्री-अधिकाऱ्यांना कायम नेमणुकीचा हक्क दिला. एकदा शाखा खुली केल्यावर स्त्रियांच्या संख्येवर मर्यादा घालता येत नाही, असेही ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितले. तोफखाना २०२३ मध्ये पाच स्त्री-अधिकाऱ्यांसाठी उघडला. पायदळ, रणगाडा दल व यांत्रिक पायदळ यांसाठी मात्र २०२५ पर्यंत तशी अधिसूचना निघालेली नव्हती. त्याच वर्षी ३० मे रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. तीन वर्षे एकाच मैदानावर घाम गाळल्यानंतर भूसेनेकडे जाणारा त्यांचा सहाध्यायी पायदळ मागू शकत होता. त्यांना ते मागता येत नव्हते.